झाडे लावली, पण मातीतल्या कर्बाचे काय?

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने १ जुलैला एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. पुढच्या वर्षी तो ४ कोटींवर, २०१८ मध्ये १३ कोटींवर आणि २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. सातारा-सांगलीच्या डोंगरउतारांवर, गायरानांत आणि रस्त्यांच्या कडेला त्या काळातले खड्डे आजही दिसतात. काहींत झाडे आहेत, काहींत नुसते गवत आहे. जगलेले झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कर्ब लाकडात साठवते, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. या लेखाचा विषय मात्र त्या झाडाच्या बुंध्याखालचा आहे. लागवडीनंतर मातीतला कर्ब वाढतो की घटतो, किती वेगाने, आणि एकाच जिल्ह्यात दोन ठिकाणी त्याचे उत्तर वेगळे का येते, हे समजून घ्यायचे आहे. सुरुवातीलाच सांगायचे तर, झाड कोणते लावले यापेक्षा ते लावण्याआधी त्या जागेवर काय होते, यावर हे उत्तर अधिक अवलंबून असते.

मातीला इतके महत्त्व का, हे आकड्यांवरून कळते. जगातल्या जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे ९०० अब्ज टन कर्ब आहे आणि पृथ्वीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून साधारण ४५० अब्ज टन. म्हणजे या दोहोंच्या बेरजेपेक्षाही जास्त कर्ब आपल्या पायाखाली आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१च्या अहवालात देशातल्या जंगलांमधला एकूण कर्बसाठा ७,२०४ दशलक्ष टन इतका दिला आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा मातीचा आहे. एवढा मोठा साठा थोडासा जरी कमी-जास्त झाला, तरी वर दिसणाऱ्या झाडांचा हिशेब बदलून जातो.

हा कर्ब मातीत येतो कसा? पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. तिच्यातून पाने, लाकूड आणि मुळे घडतात, आणि काही भाग मुळांच्या कोवळ्या टोकांतून पाझरून थेट मातीत उतरतो, जिथे जिवाणू आणि बुरशी त्याच्यावर जगतात. गळलेला पाला, मेलेली बारीक मुळे, बुरशीचे धागे आणि खुद्द मेलेले जिवाणू यांचीही त्यात भर पडते. यातला बहुतेक भाग काही महिन्यांत किंवा वर्षांत कुजून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हवेत परत जातो. उरतो तो थोडा. विहिरीतल्या पाण्याची पातळी जशी झऱ्यांची आवक आणि मोटरीचा उपसा या दोन्हींवर ठरते, तसाच मातीतला कर्ब आवक आणि कुजण्याचा वेग या दोन्हींवर ठरतो. झाडे लावल्याने आवक बदलते हे कोणाच्याही लक्षात येते, पण लागवडीमुळे कुजण्याचा वेगही बदलतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. सावलीमुळे माती गार राहते आणि कुजणे मंदावते. खोदकामामुळे माती मोकळी होऊन हवा खेळते आणि कुजणे वाढते. आणि नव्या मुळांतून सहज पचणारी साखर मिळू लागली की तिच्या जोरावर जिवाणू पूर्वीपासून पडून असलेला जुना कर्बही फोडू लागतात. हा शेवटचा परिणाम अनेकांना विचित्र वाटतो, पण प्रयोगशाळेत आणि शेतात तो पुन्हा पुन्हा दिसला आहे.

मातीत राहणारा थोडा कर्ब तरी का टिकतो, याबद्दलची समज गेल्या काही दशकांत बदलली आहे. पूर्वी असे मानत की पालापाचोळ्यातला सगळ्यांत चिवट, न कुजणारा भाग तेवढा शिल्लक राहतो. आज असे दिसते की साधे, सहज कुजणारे पदार्थही दीर्घकाळ टिकू शकतात, जर ते चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटले किंवा मातीच्या घट्ट ढेकळांच्या आत जिवाणूंच्या आवाक्याबाहेर अडकले तर. म्हणून माती कोणती, हा प्रश्न येतो, आणि या बाबतीत सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत जेवढी विविधता आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, मिरज भागातल्या काळ्या जमिनीत फुगणारी-आकसणारी चिकणमाती आणि भरपूर कॅल्शियम असते, आणि दोन्ही कर्बाला धरून ठेवतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे तेच काम करतात. माण, खटाव, आटपाडी, जतच्या टेकड्यांवर मात्र वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आणि मुरमाला कर्ब धरायला जागाच फारशी नसते. तिथे वरून कितीही पाला पडला, तरी साठ्याला एक मर्यादा राहते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जमिनीचा वापर बदलल्यावर कर्बाचे काय होते, यावर जगभर झालेल्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी ग्वो आणि गिफर्ड या दोन संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यातली सरासरी आजही चर्चेत आधार म्हणून वापरली जाते. नैसर्गिक जंगल तोडून शेती केली की मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि कुरण नांगरून शेती केली की ५९ टक्क्यांनी. उलट दिशेने पाहिले, तर शेतजमिनीवर झाडांची लागवड केल्यावर तो १८ टक्क्यांनी वाढला, आणि शेत सोडून देऊन तिथे आपोआप जंगल येऊ दिले तेव्हा ५३ टक्क्यांनी. मात्र कुरणावर झाडे लावल्यावर तो १० टक्क्यांनी, आणि नैसर्गिक जंगल काढून तिथे लागवड केल्यावर १३ टक्क्यांनी घटला. एकाच कृतीचे, म्हणजे झाडे लावण्याचे, हे तीन वेगळे परिणाम आहेत आणि फरक केवळ आधीच्या जमिनीचा आहे.

शेतजमिनीवर फायदा का होतो, हे समजायला सोपे आहे. नांगर दरवर्षी ढेकळे फोडतो, आत अडकलेला कर्ब उघडा पडतो, पीक कापून नेले जाते, आणि उसाच्या पट्ट्यात तर अजूनही कित्येक जण पाचट पेटवून देतात. अशी आवक कमी आणि उपसा जास्त असलेली जमीन वर्षानुवर्षे रिकामी होत गेलेली असते. तिच्यावर झाडे आली की नांगर थांबतो, पाला तिथेच पडतो आणि रिकामी जागा हळूहळू भरू लागते. आपल्याकडे याचे सगळ्यांत बोलके उदाहरण शिराळा आणि पाटण तालुक्यांच्या पश्चिम भागात पाहायला मिळते. वारणा आणि कोयना खोऱ्यांतली काही गावे धरणांमुळे, काही पुढे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानामुळे उठली. हा सगळा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. नाचणी-वरीच्या त्या उतारांवर आणि भातखाचरांवर कोणी रोपे लावली नाहीत. तिथे गवत, कारवी आणि मागोमाग झाडे आपसूक चढत आहेत. विस्थापितांनी मोजलेली किंमत हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, पण केवळ मातीच्या अंगाने पाहिले तर ५३ टक्क्यांच्या सरासरीत बसणारी जमीन ती हीच.

इथे वेगाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या छाननीत, शेती सोडलेल्या जमिनीवर जंगल येऊ लागल्यावर मातीतला कर्ब वाढण्याचा सरासरी वेग हेक्टरी वर्षाला साधारण ०.३४ टन निघाला. याचा अर्थ आपल्या भाषेत काढू. एक हेक्टर जमिनीचा ३० सेंटिमीटरचा वरचा थर म्हणजे ३,००० घनमीटर माती. घनता दर घनमीटरला १.३ टन धरली तर तिचे वजन ३,९०० टन होते. जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के असेल, तर त्या थरात १९.५ टन कर्ब आहे. त्यात वर्षाला ०.३४ टनाची भर पडली, तर टक्केवारी वर्षाला ०.००९ ने देखील वाढत नाही. पाच वर्षांनी ०.५० चा आकडा ०.५४ होईल. लागवड करून दोन पावसाळे उलटले की माती काळी पडली, कर्ब दुप्पट झाला, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याआधी हे गणित करून पाहावे.

आणखी एक जुना अभ्यास या संदर्भात फार उपयोगी आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या कॅल्हून या ठिकाणी कापसाच्या शेतीने थकलेल्या जमिनीवर १९५०च्या दशकात पाइनची झाडे लावली गेली आणि मातीचे नमुने दशकानुदशके जपून ठेवले गेले. चाळीस वर्षांत त्या जंगलात जो कर्ब साठला, त्यातला जवळजवळ सगळा लाकडात आणि जमिनीवरच्या पाल्याच्या थरात होता. खऱ्या मातीत साठलेला वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. पुढच्या मोजणीत तर असे दिसले की वरच्या ७.५ सेंटिमीटरमध्ये कर्ब वाढला होता, पण ३५ ते ६० सेंटिमीटर खोलीवर तो घटला होता, कारण झाडांची खोल मुळे तिथले नत्र शोधत गेली आणि त्यांच्याबरोबर जिवाणूही जागे झाले. वरवर मोजले असते तर हा घाटा कोणाला कळला नसता. म्हणून कर्बाबद्दल कोणी आकडा सांगितला, की पहिला प्रश्न विचारावा: किती खोलीपर्यंतचा?

लागवडीची सुरुवातीची वर्षे मातीच्या दृष्टीने बहुधा तोट्याची असतात. झुडपे काढली जातात, माती उलटीपालटी होते, आणि रोपे अजून इतकी लहान असतात की त्यांचा पाला नगण्य असतो. किती तोटा होतो हे मात्र खोदकामाच्या पद्धतीवर ठरते. तीन बाय तीन मीटर अंतरावर ४५ सेंटिमीटरचे घन खड्डे घेतले तर हेक्टरी १,१११ खड्डे होतात, पण त्यांनी व्यापलेली जागा सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच असते. उरलेली माती जशीच्या तशी राहते. सलग समतल चर, ज्यांना सगळे सीसीटीच म्हणतात, ते साठ सेंटिमीटर रुंदीचे असतील आणि दोन चरांमधले अंतर पाच ते दहा मीटर असेल, तर सहा ते बारा टक्के जागा खोदली जाते. पण उतारावरची माती वाहून जाणे हाच जिथे कर्ब जाण्याचा मोठा मार्ग आहे, तिथे चरांनी थांबवलेली माती खोदकामाचा तोटा भरून काढते, असे माझे मत आहे. खरी उलथापालथ होते ती जेसीबीने सबंध जागा मीटरभर खोदून केलेल्या मियावाकी पद्धतीच्या, म्हणजे थोड्या जागेत अतिशय दाट लागवडीत. तिथे शेणखत, भाताचे तूस आणि कोकोपीट ट्रॉल्यांनी आणून मिसळले जाते, आणि वर्षभराने माती तपासली की कर्ब भरपूर वाढलेला दिसतो. तो वाढलेला कर्ब बहुतांशी बाहेरून आणून टाकलेला असतो. शेणखत ज्या शेतात पडले असते तिथून ते इथे आले, एवढाच बदल झाला. हवेतला कर्ब त्याने कमी केला असे म्हणता येत नाही. शहरातल्या रिकाम्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी, सावलीसाठी अशी राने जरूर करावीत, पण त्यांच्या मातीच्या आकड्यांवरून डोंगराचे अंदाज बांधू नयेत.

आता माणदेशाकडे जाऊ. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवडला तो ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांतल्या माळांना सरकारी कागदांत बऱ्याचदा पडीक म्हटले जाते, आणि लागवडीच्या मोहिमांचे लक्ष पहिल्यांदा त्यांच्याकडेच जाते, कारण ते मोकळे दिसतात. पण कुसळी, पवना, मारवेल या गवतांची, अधूनमधून हिवर, बोर, खैर अशी काटेरी झाडे असलेली ही राने कमी पाऊस आणि उथळ माती यांच्याशी जुळवून शतकानुशतके टिकली आहेत. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे ते घर आहे, आणि माडग्याळी मेंढ्या व खिलार जनावरे यांची चराई त्यांच्यावरच चालते.

गवताळ जमिनीच्या कर्बाची रचनाही वेगळी असते. जंगलात पहिल्या एक मीटरमधल्या कर्बापैकी सरासरी ५० टक्के वरच्या २० सेंटिमीटरमध्ये असतो. कुरणात हेच प्रमाण ४२ टक्के भरते, म्हणजे तिथला मोठा हिस्सा खाली, मुळांच्या जाळ्यात असतो. आगीने आणि चराईने वरचे गवत गेले तरी हा खालचा साठा सुरक्षित राहतो. मघाशी सांगितलेल्या २००० सालच्या छाननीत एक गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटते: शेती सोडलेल्या जमिनीवर जंगल आले तर वर्षाला हेक्टरी ०.३४ टन, आणि कायमचे गवत आले तर ०.३३ टन. मातीपुरते बोलायचे तर दोन्हींत जवळजवळ फरकच नाही. झाडांचा जास्तीचा फायदा आहे तो लाकडात, आणि ५०० मिलिमीटर पावसात, मुरमावर, टँकरने पाणी घालून जगवलेल्या झाडात लाकूड किती होणार याचा अंदाज तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला आहे.

असे असले तरी माळावर झाडे लावली की कर्ब घटतोच, असा सरसकट निष्कर्षही काढता येत नाही. कुरणावरच्या लागवडीत १० टक्के घट दिसते ती मुख्यतः पाइनच्या लागवडींमुळे. रुंद पानांच्या झाडांखाली फारसा बदल दिसलेला नाही. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशांत झुडपे आपोआप पसरली तिथे काय झाले, याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जास्त पावसाच्या जागी मातीतला कर्ब कमी झाला आणि कोरड्या जागी थोडा वाढला. त्या न्यायाने माणदेशात विरळ, स्थानिक काटेरी झाडांनी माती थोडी सुधारूही शकते, आणि पश्चिमेच्या ओल्या गवताळ पठारांवर केलेली दाट लागवड मात्र तोट्यात जाऊ शकते. स्कॉटलंडमधला २०२०चा एक अभ्यास या दुसऱ्या शक्यतेचे टोकाचे उदाहरण आहे: तिथल्या झुडपी माळावर बर्च आणि पाइन लावून १२ आणि ३९ वर्षे झाल्यावरही माती आणि झाडे मिळून एकूण कर्ब वाढलेला नव्हता, कारण झाडांनी जेवढा घेतला जवळपास तेवढाच मातीने सोडला. तिथली माती थंड, ओली आणि सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेली असते, त्यामुळे तो आकडा आपल्याला लागू नाही. मात्र मातीत आधीच भरपूर कर्ब असेल तर ती हलवण्यात धोका असतो, एवढे त्यातून कळते.

माणदेशातल्या जमिनीसाठी माझा कौल म्हणूनच बांधावरच्या झाडांना, ओढ्याकाठच्या करंज-जांभळाला आणि माळावर गवत वाढू देण्याला आहे. आदर्श गाव योजनेतली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सर्वांना पाठ आहे, पण मेंढपाळांना सरसकट बंदी घालून कुरणे टिकत नाहीत. माळाचे भाग पाडून पावसाळ्यात एकेक भाग आळीपाळीने मोकळा ठेवला, की गवताला बी धरायला आणि मुळे खोल न्यायला वेळ मिळतो, आणि मेंढ्यांच्या लेंड्यांतून खतही तिथेच पडते.

कासच्या पठाराबद्दल दोनच वाक्ये पुरेशी आहेत. जांभ्या खडकावर काही सेंटिमीटर माती आणि तिच्यावर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती, असा हा सडा पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली आला. अशा सड्यांवर झाडे लावून कर्ब साठवण्याची कल्पना मातीच्या दृष्टीने निरर्थक आणि फुलांच्या दृष्टीने घातक आहे.

उभ्या जंगलाचे गणित त्याहून स्पष्ट आहे. महाबळेश्वर, कोयना, चांदोलीच्या जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांच्या सदाहरित रानांत मातीचा साठा जवळजवळ भरलेला आहे. तिथे नव्या लागवडीने मिळण्यासारखे फार कमी आणि तोडीने जाण्यासारखे फार जास्त आहे. आधी तोडायचे आणि नंतर दुसरीकडे दामदुप्पट झाडे लावून भरपाई करायची, या नेहमीच्या व्यवहारात मातीतला हा तोटा कुठेच मोजला जात नाही. तोडलेल्या जागेतला कर्ब काही वर्षांत जातो आणि नव्या जागेत तो यायला अनेक दशके लागतात. मधल्या काळात तो हवेतच असतो. देवरायांचेही तसेच. आकाराने त्या लहान असतील, पण शेकडो वर्षे कुदळ-कुऱ्हाड न लागलेली माती आपल्याकडे फार ठिकाणी उरलेली नाही.

जिथे लागवड करणे खरोखर योग्य आहे, म्हणजे उतारावरची थकलेली शेते, झीज झालेले डोंगर, पूर्वी जंगल असलेल्या पण बोडक्या झालेल्या जागा, तिथे झाडांच्या निवडीला महत्त्व येते. सागरेश्वर हे याचे आपल्या भागातले ठळक उदाहरण: कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे परिसरातल्या उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून, कुंपण घालून उभे राहिलेले हे सुमारे ११ चौरस किलोमीटरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. डोंगर बोडका, माती वाहून गेलेली आणि पूर्वीचा साठा संपलेला, अशा जागेवर मातीला गमावण्यासारखे फारसे नसते आणि मिळण्यासारखे बरेच असते. अशा ठिकाणी शेंगवर्गी झाडांचा मोठा उपयोग होतो, कारण कर्ब मातीत टिकायला नत्रही लागते आणि ही झाडे मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र आणतात. खैर, करंज, पळस, शिसव ही सगळी त्याच कुळातली आहेत, आणि बांधावरचे गिरिपुष्पही. निलगिरीची पाने मात्र नत्राने दरिद्री आणि तेलकट असतात. शिवाय दर काही वर्षांनी तोड होऊन लाकूड नेले जाते, म्हणून तिच्याखालची माती आशेने पाहावी अशी सहसा होत नाही. मिश्र रान एकाच जातीच्या लागवडीपेक्षा सरस ठरते, ते पाला आणि मुळे वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या वेळी देते म्हणून.

या सगळ्या प्रयत्नांवर एका दिवसात पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे वणवा. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत साताऱ्याच्या डोंगरांवर रात्री ज्वाळांच्या माळा दिसतात. पुढच्या पावसात गवत चांगले येते या समजुतीने अनेकदा त्या लावल्या जातात. आगीची आच मातीत काही सेंटिमीटरच्या खाली फारशी जात नाही, आणि जळक्या कोळशाचा थोडा भाग तर कुजायला अतिशय अवघड असल्याने दीर्घकाळ टिकतो. पण वर्षभराचा पाला जातो, रोपे जातात, आणि उघड्या पडलेल्या उतारावर वळवाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला की कर्बाने सर्वांत समृद्ध असलेला वरचा बोटभर थर ओढ्यात जातो. जाळपट्टे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, वेळेवर काढणे हे मातीतल्या कर्बासाठी नव्या हजार रोपांइतकेच महत्त्वाचे काम आहे, मात्र त्याचा फोटो कोणी काढत नाही.

शेवटी मोजणीबद्दल, कारण अलीकडे शेतकऱ्यांना बांधावर झाडे लावा, कार्बन क्रेडिटचे, म्हणजे साठवलेल्या कर्बाच्या मोबदल्याचे, पैसे मिळवा, अशा योजना घेऊन माणसे भेटत आहेत, आणि केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम काढले आहेत. जमीन आरोग्य पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्ब बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढलेला असतो. त्यात रसायनाने सगळा कर्ब जळत नाही, सुमारे तीन-चतुर्थांश जळतो असे धरून आकडा १.३ ने गुणतात. दुसरी पद्धत माती भट्टीत पूर्ण जाळून निघालेला वायू मोजण्याची आहे आणि ती अधिक अचूक आहे, पण माण, आटपाडी, जतच्या चुनखडीच्या जमिनीत ती जपून वापरावी लागते, कारण चुनखडीत दगडाच्या रूपातला कर्ब असतो आणि भट्टी त्यालाही मोजते. मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुनखडी आहे असे समजावे आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे. नुसती टक्केवारीही पुरत नाही. ठरावीक मापाच्या लोखंडी कड्याने न हललेली माती काढून तिचे वजन करावे लागते आणि दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे वजा करावे लागतात, नाहीतर मुरमाड जमिनीत कर्बाचा आकडा दुपटीने फुगू शकतो. नमुने खड्डे घेण्याआधी एकदा आणि पुढे दर वेळी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणांवरून, ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर अशा तीन थरांतून घ्यावेत आणि वाळवून, नाव-तारीख लिहून थोडे जपून ठेवावेत, कारण पहिला नमुना नसेल तर दहा वर्षांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याची तुलना कशाशीच करता येत नाही. करारावर सही करण्याआधी शेतकऱ्याने विचारावे की पैसे लाकडातल्या कर्बाचे आहेत की मातीतल्याही, मातीतल्या कर्बाचा आकडा प्रत्यक्ष मोजून धरणार आहेत की कुठल्याशा तक्त्यातून उचलणार, तो किती खोलीपर्यंतचा आहे, आणि मध्येच वणवा लागला किंवा मुलाने झाडे काढून ऊस लावायचे ठरवले तर मिळालेले पैसे परत करायचे कोणी.